केस खराब झाले, म्हणजे नेमकं काय झालं? धायरीतल्या एका वहिनींचं प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनींचं माझ्या व्यायामाच्या बॅचला येणं थांबलं. जानेवारीपासून एक सोमवार न चुकवलेली बाई. मला वाटलं गुडघा दुखावला असेल, नाहीतर घरात कोणी आजारी असेल. चार दिवसांनी सोसायटीच्या फाटकाशी भाजीच्या टेम्पोपाशी भेटल्या तेव्हा विचारलं. त्यांनी डोक्यावरची ओढणी जरा मागे सरकवली आणि भांगावर बोट ठेवलं. भांगाच्या दोन्ही बाजूंना पिवळट, तेलकट खवले, कपाळाच्या कडेने लाली, आणि भांग पूर्वीपेक्षा रुंद.

"ताई, व्यायाम सुरू केला आणि केस गेले," त्या म्हणाल्या. "आता तब्येत ठेवू की केस, तुम्हीच सांगा."

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गेली दहा वर्षं मी बायकांच्या व्यायामाच्या बॅच घेते. डॉक्टर नाही. पण बॅच सोडणाऱ्या बायकांची खरी कारणं मला कळत जातात, आणि त्यात केस हे कारण मी समजत होते त्यापेक्षा कितीतरी वर आहे. हे प्रकरण वहिनींच्या परवानगीने लिहिते आहे. त्यांचं नाव आणि ऑफिस सांगत नाही. सविस्तर लिहायचं कारण असं, की त्यांच्या त्रासातला एक भाग माझ्या सल्ल्याने वाढला होता.

सकाळी सात ते नऊ

वहिनींचं वय ४१. केस कमरेपर्यंत, दाट, लहानपणापासून आईने राखलेले. सोमवार ते शुक्रवार सकाळी सहा ते सात सोसायटीच्या हॉलमध्ये बॅच, शनिवारी सुट्टी, रविवारी आतकरवाडीतून सिंहगड. सात वाजून पाच मिनिटांनी घरी. मग दूध, दोन डबे, मुलीची रिक्षा, सासूबाईंचा चहा, अंघोळ. नऊ वाजून दहा मिनिटांनी हेल्मेट घालून गाडीला किक, कारण स्वारगेटजवळच्या ऑफिसात हजेरी दहाला.

कमरेपर्यंतचे दाट केस पंख्याखाली वाळायला दीड-दोन तास लागतात. पावसाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे कामाच्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करायला त्यांच्याकडे वेळच नव्हता. केस धुणं रविवारी, गडावरून आल्यावर. बाकीचे पाच दिवस घामाने मुळाशी ओले झालेले केस तसेच पिळून घट्ट अंबाडा, त्यावर हेल्मेट, मग ऑफिसात दिवसभर तोच अंबाडा. संध्याकाळी घरी येऊन सोडला की आतून दमट वास यायचा, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. हे सांगताना त्या खाली बघत होत्या. चाळिशीच्या बाईला केसांच्या वासाची इतकी लाज वाटावी आणि तिने ती सहा महिने मनात ठेवावी, हे मला फार लागलं.

घरच्या पाण्याचीही एक गोष्ट आहे. त्यांच्या सोसायटीत स्वयंपाकघराच्या नळाला महापालिकेचं पाणी येतं, तेही ठरावीक वेळ. बाथरूमच्या नळाला बोअर आणि टँकरचं मिसळून. धायरी, आंबेगाव, नऱ्हे या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पण केसांचा विषय निघाला की पाण्याबद्दल कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

माझा चुकलेला सल्ला

जूनमध्ये वहिनींनी पहिल्यांदा खाज सुटते म्हणून सांगितलं होतं. मी काय म्हणाले ते मला शब्दशः आठवतं. म्हणाले, "शाम्पूने टाळू कोरडी पडते. आठवड्यातून एकदाच लावा. रोज धुतलं की टाळू जास्त तेल सोडायला लागते, कमी धुतलं की हळूहळू सवय होते. आदल्या रात्री खोबरेल तेल चांगलं चोपडा, मुळांशी जिरवा." हे मी कुठे वाचलं होतं असं नाही. सगळ्या म्हणतात, आई म्हणायची, म्हणून मीही म्हणाले.

वहिनींनी ते मनापासून पाळलं. रविवारच्या जोडीला बुधवारी रात्रीही तेल लावू लागल्या. गुरुवारी सकाळी तेलकट डोक्याने बॅच, वर घाम, वर हेल्मेट. चार आठवड्यांत साध्या खाजेचे पिवळे खवले झाले.

टाळूवर मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, राहतं. जवळपास प्रत्येकाच्या टाळूवर असतं, त्यात घाण किंवा रोग असं काही नाही. पण ते स्वतःसाठी लागणारी स्निग्धाम्लं बनवू शकत नाही. टाळूतून पाझरणाऱ्या तेलावर जगतं, आणि आपण वरून लावलेली बहुतेक खाद्यतेलंही त्याला चालतात. खोबरेलही. तेल पचवताना जे पदार्थ मागे राहतात त्यांनी काहींच्या टाळूचा दाह होतो, कातडीचे पापुद्रे भराभर सुटायला लागतात. त्यालाच आपण कोंडा म्हणतो. दाह वाढून लाली आणि तेलकट खवले आले की डॉक्टर त्याला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात. ऊब आणि ओल त्या यीस्टच्या पथ्यावर पडते. पावसाळ्यात तेल लावून, घाम आणून, अंबाडा बांधून हेल्मेट घालणं म्हणजे त्याला रोज पंगत वाढणं होतं, आणि पंगतीचं आमंत्रण मी दिलं होतं.

कमी धुतलं की तेल कमी सुटतं, यालाही आधार नाही. टाळूच्या तेलग्रंथी चालतात त्या मुख्यतः शरीरातल्या संप्रेरकांवर. आपण किती वेळा शाम्पू लावला हे त्यांना कळत नाही.

खोबरेलाला मात्र मी सरसकट वाईट म्हणणार नाही. २००३ साली आपल्याकडच्याच संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली होती. केसाच्या धाग्यात शिरून त्यातलं प्रथिन धुऊन जाणं कमी करण्याचा गुण तिघांपैकी फक्त खोबरेलात दिसला. पण तो गुण धाग्यासाठी आहे, टाळूसाठी नाही. आपण दोन्हीला 'केस' म्हणतो, आणि माझी गफलत तिथेच झाली. टाळू ही जिवंत कातडी आहे. तिला घाम येतो, ती तेल सोडते, तिचा दाह होतो. केसाचा धागा हा मेलेला भाग. तो स्वतःची डागडुजी करू शकत नाही, फक्त झिजतो. टाळूला जे हवं ते धाग्याला नको असतं, आणि उलटही.

पांढरा कागद

भाजीच्या टेम्पोपाशी भेट झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी माझ्याकडे आल्या. सोबत एक प्लॅस्टिकची पिशवी, त्यात रविवारी न्हाताना निघालेला केसांचा पुंजका. "बघा, इतके जातात," म्हणाल्या. माझ्या मुलीच्या चित्रकलेच्या वहीतला पांढरा कागद खिडकीपाशी ठेवून आम्ही दोघी तो पुंजका सोडवत बसलो. मला फक्त एक बघायचं होतं: केस मुळातून आलेत की मध्येच तुटलेत.

मुळातून गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो, टाचणीच्या टोकाहून लहान. बोटांनी केस सरकवत नेला तर तो हाताला लागतो. तुटलेल्या केसाला तो नसतो, आणि टोक बहुधा फाटलेलं, झाडूच्या काडीसारखं. अर्ध्या तासात कागदावर दोन ढीग झाले. लांबसडक, ठिपकेवाले केस डावीकडे. चार-पाच इंची, ठिपका नसलेले तुकडे उजवीकडे. दोन्ही ढीग मोठे होते. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे दोन वेगवेगळी दुखणी आहेत का?"

दोन नव्हती, तीन होती. खवले आणि खाज हे एक. मुळातून गळणं हे दुसरं. मध्येच तुटणं हे तिसरं. त्या तिन्हीला मिळून 'केस खराब झाले' म्हणत होत्या, आणि तिन्हीचं खापर व्यायामावर फोडून बसल्या होत्या.

पुंजक्याचा आकार बघून घाबरायचं किती, तेही त्याच दुपारी बोलून झालं. माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतात. रोज धुणाऱ्या बाईला ते थोडे थोडे दिसतात. आठवड्यातून एकदा धुणारीचे अंबाड्यात अडकून राहतात आणि रविवारी एकदम हातात येतात. रोजचे साठ धरले तरी आठवड्याचे चारशेच्या वर. म्हणून रविवारचा पुंजका सोमवारच्या केसांशी ताडून बघू नये. पण वहिनींचा भांग खरंच रुंद झाला होता, त्यामुळे नुसत्या हिशेबावर विषय मिटणारा नव्हता. मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं.

त्याआधी जूनअखेरीस त्या एका पार्लरमध्ये जाऊन आल्या होत्या. तिथे त्यांना सहा बैठकांचं हेअर स्पाचं पॅकेज दिलं गेलं. पहिल्याच बैठकीत दाह असलेल्या टाळूवर घट्ट क्रीम लावून वाफ दिली. त्या रात्री त्या खाजेने झोपल्या नाहीत.

डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न

ऑगस्टच्या सुरुवातीला मी त्यांच्याबरोबर कर्वे रस्त्यावरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी टाळू तपासली आणि पहिला प्रश्न केसांचा विचारलाच नाही. "मार्च-एप्रिलमध्ये काय झालं होतं? ताप, ऑपरेशन, वजन एकदम कमी?"

मे महिन्यात वहिनींच्या भाचीचं लग्न होतं. मार्चच्या मध्यापासून सहा आठवडे त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं होतं आणि सकाळी फक्त फळं. सात किलो वजन उतरलं होतं. बॅचमध्ये सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं होतं, मीसुद्धा. काय खाताय हे मी विचारलं नव्हतं.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातले बरेचसे वाढत असतात, थोडे विश्रांतीत. शरीराला मोठा ताण बसला, उपासमार झाली, जोराचा ताप आला, तर एरवीपेक्षा खूप जास्त केस एकदम विश्रांतीत जातात. ते लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणून एप्रिलचं कारण जूनमध्ये दिसतं, आणि बाईला वाटतं जूनमध्ये जे चाललंय त्यानेच गळताहेत. या प्रकाराला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. डेंगी किंवा चिकुनगुनियातून उठल्यावर, बाळंतपणानंतरही हेच होतं. कारण दूर झालं की केस बहुतेक वेळा परत येतात, पण महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटरच्या गतीने.

रक्त तपासलं. थायरॉइड ठीक. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ११. पंधराच्या खाली साठा संपत आला असं धरतात. पाळीत अंगावरून जास्त जायचंच, त्यात उपास. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि रात्रीचं जेवण सुरू करायला लावलं.

टाळूसाठी २ टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. डॉक्टरांनी एक गोष्ट दोनदा सांगितली: हा शाम्पू टाळूवर पाच मिनिटं राहिला पाहिजे. लावला आणि लगेच धुतला तर औषध नाल्यात. ते औषध टाळूचं आहे, केसांच्या लांबीला चोळायचं नाही. टाळूला तेल पूर्ण बंद. व्यायाम बंद करायचा का, असं वहिनींनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बंद कशाला? घाम येऊ द्या, फक्त तो डोक्यात मुरवू नका."

घाम म्हणजे बहुतांशी पाणी आणि मीठ. तो टाळूवर थोडा वेळ राहिल्याने केस गळत नाहीत. पण मीठ वाळून कातडी चुरचुरते, ओल तासन्‌तास टिकते, आणि आधीच दाह असला तर भर पडते. साध्या पाण्यानेही घामाचं मीठ निघतं. तेल आणि खवले निघायला शाम्पू लागतो.

आठवड्याची मांडणी

औषध लिहून मिळालं, पण नऊ दहाची गाडी तिथेच होती. आठवड्यातून तीनदा केस धुवायचे, तर वेळ आणायचा कुठून? या एका प्रश्नावर आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. अशा सल्ल्यांत वेळेचा हिशेब कधीच नसतो, म्हणून मी इथे जरा थांबते.

धुण्याचे वार ठरले रविवार, मंगळवार आणि शुक्रवार. रविवारी गडावरून आल्यावर साधा सौम्य शाम्पू, मंगळवारी आणि शुक्रवारी औषधाचा. त्या दोन दिवशी वहिनी बॅचमधून दहा मिनिटं आधी निघतील आणि डबे यजमान भरतील. यजमान आधी म्हणाले, "केसांसाठी इतकं? त्यापेक्षा कापून टाक." त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, पण वहिनींचा चेहरा पडला.

मी त्यांना अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. तिथल्या सर्जन जनरल रेजिना बेंजामिन यांनी २०११ मध्ये अटलांटातल्या केशरचनेच्या एका मोठ्या मेळाव्यात जाऊन बायकांना सांगितलं होतं, की केस बिघडतील म्हणून व्यायाम सोडू नका. देशाच्या आरोग्याची जबाबदारी असलेली बाई केशकर्तनकारांच्या मेळाव्यात गेली, कारण अडचण खरी होती. २०१३ साली तिथे १०३ आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पाचातल्या जवळपास दोघींनी केसांमुळे व्यायाम टाळल्याचं सांगितलं. त्यांचे केस कुरळे, कोरडे, त्यामुळे धुण्याची पद्धत आपल्याला जशीच्या तशी लागू नाही. पण घाम आला की केसांचं काय करायचं, ही काळजी सारखीच आहे. यजमानांनी ऐकून घेतलं. मंगळवारचा पहिला डबा त्यांनी भरला तो भाजी-पोळीऐवजी ब्रेड-जॅमचा होता, पण भरला.

आता धुण्याची रीत. मगात चमचाभर साधा शाम्पू आणि दोन घोट पाणी, फेसाळून. डोकं आधी पाण्याने पूर्ण भिजवायचं, बोटं मुळांपर्यंत घालून, नाहीतर दाट केसांत वरचा थर भिजतो आणि टाळू कोरडीच राहते. वहिनींचं तेच होत होतं: पंधरा मिनिटं डोक्यावर पाणी ओतूनही मानेवरची टाळू कोरडी. मग भांग पाडत पाडत बोटांच्या पेरांनी चोळायचं, नखांनी नाही. लांबीला शाम्पू वेगळा लावायचा नाही, टाळूवरून ओघळणारा फेस पुरतो. औषधाच्या दिवशी पाच मिनिटं मोजायला त्या बाथरूमच्या खिडकीत घड्याळ ठेवायच्या आणि तेवढ्यात पाय घासून घ्यायच्या. धुऊन झालं की कंडिशनर फक्त कानाच्या खालच्या लांबीला.

वाळवायला ड्रायर. वहिनींना ड्रायरची भीती होती, केस जळतात म्हणून. जवळ धरला तर जळतातच. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये केस वेगवेगळ्या तऱ्हेने वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. गरम हवेने वरच्या खवल्यांचं नुकसान दिसलं, पण आपोआप वाळू दिलेल्या केसांतही आतल्या थराला इजा दिसली, कारण ते फार वेळ ओले राहतात. साधारण १५ सेंटिमीटर अंतरावरून, हात सतत हलता ठेवून वाळवलेलं त्यातल्या त्यात बरं ठरलं. वहिनींनी पट्टीने १५ सेंटिमीटर मोजून बघितलं. वीतभराहून थोडं कमी. मुळं आठ मिनिटांत वाळतात. लांबी थोडी दमट राहिली तरी सैल वेणी घालून निघता येतं.

सोमवारी आणि बुधवारी धुणं नाही, पण अंबाडाही नाही. बॅचहून आल्यावर केस मोकळे सोडायचे, मुळांना तीन-चार मिनिटं ड्रायरची गार हवा द्यायची, डबे होईतो तसेच ठेवायचे. डोकं कोरडं झाल्याशिवाय हेल्मेट घालायचं नाही. हेल्मेटखाली सुती रुमाल, रोज धुतलेला. हेल्मेटचं आतलं अस्तर दर रविवारी काढून धुवायचं. सात वर्षांत ते अस्तर सुटं होतं हेच त्यांना माहीत नव्हतं. पहिल्यांदा बादलीत बुडवलं तेव्हा पाणी चहाच्या रंगाचं झालं.

गुरुवारचा प्रश्न नाजूक होता. सासूबाई गुरुवारी घरात कोणाला केस धुऊ देत नाहीत. त्यांच्या श्रद्धेला धक्का लावायची मला गरज वाटली नाही. गुरुवारची बॅच मी तशीही स्ट्रेचिंगची घेते, घाम कमी येतो. वहिनींनी सासूबाईंना जाऊन एवढंच सांगितलं, "आई, गुरुवारी मी धुणार नाही, पण शुक्रवारी सकाळी बाथरूम मला आधी लागेल." त्या लगेच हो म्हणाल्या.

सासूबाईंचा आग्रह शिकेकाईचाही होता. शिकेकाई आणि रिठ्यात फेस आणणारे सॅपोनिन असतात, मळ काढतात, त्यात खोटं काही नाही. पण भरड पूड दाह झालेल्या टाळूवर रगडली तर टोचते आणि तिचे कण खवल्यांत अडकतात. दाह जाईपर्यंत थांबायचं, नंतर हवी तर उकळून, फडक्यातून गाळून वापरायची, असं ठरलं.

बाथरूमचं पाणी

तिसरं दुखणं, केस मध्येच तुटण्याचं, याचं अर्धं कारण कागदावरच कळलं होतं. तुकडे बहुतेक सारख्या लांबीचे होते, म्हणजे रबरबँड जिथे बसतो तिथे तुटलेले. ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि ताणात लवकर तुटतो. रोज ओला असताना पिळून, रबरने आवळून त्याच जागी गाठ. रबर गेला, त्याजागी कापडी बँड आणि मोठा चिमटा आला, बांधायची जागा रोज थोडी वर-खाली. कपाळाजवळचे केस घट्ट ओढण्याने कायमचे विरळ होऊ शकतात, म्हणून व्यायामाच्या वेळची पोनीटेलही सैल करायला लावली.

पण केसांचा खरखरीतपणा रबर गेल्यावरही होता. पाण्याचा जडपणा कमी करणाऱ्या सॉफ्टनर यंत्रांचं काम बघणाऱ्या एका मुलाकडून मी तो जडपणा मोजायचं किट मागून घेतलं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, एक पूड टाकली की ते लालसर जांभळं होतं, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे, निळं होईपर्यंत. त्या किटात एक थेंब म्हणजे लिटरमागे २५ मिलिग्रॅम. स्वयंपाकघरातलं महापालिकेचं, खडकवासला धरणाचं पाणी तिसऱ्या थेंबाला निळं झालं. बाथरूमचं पाणी दहा थेंब झाले, पंधरा झाले, वहिनी मोठ्याने मोजत होत्या, एकविसाव्याला निळं. ७५ आणि ५२५. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत इष्ट, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे बाथरूमचं पाणी बेकायदा नव्हतं, पण डोकं धुवायला वाईट होतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार केसावर बसतात, केस राठ लागतो, विंचरताना गुंततो आणि गुंता ओढला की तुटतो. साबणाने डोकं धुणाऱ्यांच्या केसांवर तर चिकट राप बसतो. हातात धरायचा टीडीएस मीटर सगळे क्षार मिळून आकडा देतो, जडपणा वेगळा सांगत नाही, हेही इथेच लिहून ठेवते, कारण सोसायटीच्या बैठकांत त्यावरून फार भांडणं होतात.

उपाय साधा निघाला. धुण्याच्या आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या नळाचं एक बादली पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी कोमट करून शेवटचं डोकं त्याने खंगाळायचं. अंग बोअरच्याच पाण्याने. दोन आठवड्यांत कंगव्याला फरक कळला.

सप्टेंबर ते फेब्रुवारी

खवले तिसऱ्या आठवड्यात गेले. खाज त्याआधीच थांबली होती. ऑगस्टच्या मध्यापासून वहिनी परत बॅचला येऊ लागल्या. ऑक्टोबरात रुंद भांगाच्या कडेने बारीक, उभे राहणारे केस दिसले, बोटभरही नाहीत, पण होते. फाटलेली टोकं म्हणून त्यांनी चार बोटं केस कापून घेतले, स्वतः ठरवून.

मग दिवाळी आली. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान, सासूबाईंनी हौसेने डोक्यावर तेल थापलं, आणि पाहुण्यांच्या गडबडीत पुढचे पाच दिवस केस धुतले गेले नाहीत. औषधाचा शाम्पूही सप्टेंबरअखेर संपला म्हणून बंद केलेला. आठवड्यात कानामागे पुन्हा खवले. वहिनी रडवेल्या झाल्या, की सगळं परत पहिल्यापासून. डॉक्टरांनी समजावलं, की हा मधुमेहासारखा सांभाळायचा स्वभाव आहे, मुळासकट जाणारा आजार नाही. तेव्हापासून औषधाचा शाम्पू दर पंधरवड्याला एकदा, पावसाळ्यात आठवड्याला एकदा. पुढच्या दिवाळीला तेल लावायचंच, पण अर्ध्या तासाने त्याच अंघोळीत शाम्पूने काढायचं, असं सासूबाईंशी आत्ताच ठरलंय.

तीनदा धुणं हे वहिनींचं गणित, सगळ्यांचं नाही. माझ्या बॅचमधली एक चोविशीची मुलगी रोज धावते, केस खांद्यापर्यंत, टाळू तेलकट. ती रोज सौम्य शाम्पू लावते आणि तिचं उत्तम चाललंय. आशियाई लोकांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठवड्यातून पाच-सहा वेळा धुणारे सर्वांत समाधानी आढळले होते. त्यातले काही संशोधक शाम्पू बनवणाऱ्या कंपनीचे होते, म्हणून तो आकडा मी नियम म्हणून कोणाला देत नाही. पण रोज धुतल्याने टाळू बिघडते, हे मी आता म्हणत नाही. दुसऱ्या एका काकूंचं वय ६३, टाळू कोरडी, घाम जेमतेम. त्यांना आठवड्यातून दोनदा पुरतं. पोहायला जाणारीला तर मी वेगळंच सांगते: तलावात उतरण्याआधी साध्या पाण्याने केस भिजवा म्हणजे क्लोरीनचं पाणी कमी शोषलं जातं, आणि बाहेर आल्या आल्या धुवा.

फेब्रुवारीत वहिनींचं फेरिटिन ३८ आलं. गोळ्या अजून चालू आहेत.

माझ्याकडे नाव घालताना भरून घ्यायचा एक कागद असतो. त्यावर गुडघे, पाठ, रक्तदाब, पाळी एवढं होतं. आता त्याखाली मी तीन ओळी वाढवल्या आहेत. डोकं कुठल्या पाण्याने धुता? व्यायामानंतर घराबाहेर पडेपर्यंत किती मिनिटं मिळतात? गेल्या तीन महिन्यांत एखादं जेवण सोडलंय का?